बांधीव कपाटाच्या मागची भिंत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की घरसजावटीच्या पुरवण्यांत हॉलची छायाचित्रे दिसू लागतात. एका भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पुस्तकांचे खण, मधोमध लॅपटॉपचे टेबल, वर दोन फळ्या आणि पिवळसर दिवा. 2020 च्या टाळेबंदीपासून हॉलच्या एका भिंतीवर ऑफिस थाटणे ही गरजच झाली आहे आणि पुष्कळ घरांत हे काम आता घरचीच माणसे करतात. दुकानात प्लाय मापात कापून आणि कडेला पट्टी लावून मिळतो, ड्रिल मशीन घरात असते. ही चांगली गोष्ट आहे. मात्र त्या छायाचित्रांत भिंत कुठेच दिसत नाही. एकदा कपाट बसले की पुढची दहा-पंधरा वर्षे ती कुणाच्याही नजरेस पडत नाही, आणि या कामातले निम्म्याहून अधिक घोटाळे तिथूनच सुरू होतात. म्हणून हे पत्र जरा लांबले तरी छापावे, ही विनंती.

आधी ओल. मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीत पश्चिमेच्या व नैर्ऋत्येच्या बाहेरच्या भिंती जून ते सप्टेंबर झड खातात. बाथरूमला पाठ लावून असलेली हॉलची भिंत तर बारमाही संशयाचीच. रंगाला फुगे, पांढरे क्षार, स्कर्टिंगच्या वर वीतभर भुरभुरलेला गिलावा यांतले काहीही दिसले तर प्लाय आणायला जाऊ नये. काही दिसत नसले तरी एक तपासणी करावी. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवायचा आणि 48 तास ठेवायचा. काढताना थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला असतील तर तो हवेतला दमटपणा आहे. ही तपासणी पावसाळ्यात करावी. मार्चमध्ये ठणठणीत कोरडी दिसणारी भिंत जुलैत पाझरू शकते.

ओल्या भिंतीला कपाट टेकले की पाठीची 6 मिमीची फळी आधी पोक काढते. मग मागे काळी बुरशी धरते, पुस्तकांना कुबट वास येतो आणि ओलीच्या मागोमाग वाळवी येते. मरीन प्लाय वापरला की यातून सुटका होते, हा समज चुकीचा आहे. आयएस 710 या भारतीय मानकाच्या मरीन प्लायचे थर उकळत्या पाण्यातही सुटत नाहीत, हे खरे. पण भिंतीतून येणारे पाणी प्लाय थांबवत नाही; बुरशी कागदावर आणि कपड्यांवर धरायची ती धरतेच. भिंत कोरडी असली तरीही पाठ आणि भिंत यांत 12 मिमी मोकळे ठेवावेत, आणि हवा खेळायला वर व खाली फट सोडावी.

इमारत नवी असेल तर घाई न करण्याचे आणखी एक कारण आहे. घर घेणाऱ्यांच्या हक्कांसाठी केलेल्या रेरा कायदा, 2016 च्या कलम 14(3) नुसार ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातला दोष लक्षात आणून दिला, तर विकासकाने तो 30 दिवसांत, स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. ताबा मिळताच ठोकलेल्या कपाटामागची ओल सहाव्या वर्षी उघड झाली तर हा हक्क हातचा गेलेला असतो. ओलसर भिंतीची तारखेसह छायाचित्रे काढावीत, लेखी तक्रार द्यावी, दुरुस्तीनंतर एक पावसाळा जाऊ द्यावा. कपाट एक वर्ष थांबू शकते.

दुसरा प्रश्न, भिंत कशाची आहे? याचे उत्तर ड्रिलचा भुगा देतो. 6 मिमीच्या बिटाने एक भोक पाडावे. पहिले 12 ते 15 मिमी गिलाव्याची करडी वाळू येईल, ती सोडून द्यावी. त्यानंतर लाल भुगा आला तर वीट. बिट पुढे सरकत नाही, किंचाळतो आणि बारीक करडी पूड पडते, तर काँक्रीट. पांढुरकी, हलकी पूड येऊन बिट हाताच्या दाबानेच आत गेला तर एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा ठोकळा, बोलीभाषेतले सिपोरेक्स. आणि गिलाव्याची वाळू न येता सुरुवातीपासूनच पांढरी पूड येऊन 12 मिमीनंतर पोकळी लागली तर जिप्समचे पार्टिशन. त्यावर वजन टांगायचे असेल तर आतली उभी पट्टी शोधावीच लागते.

विटेच्या भिंतीत नेहमीचा रावळप्लग, म्हणजे स्क्रूसाठी भोकात बसवायची गुल्ली, चांगला धरतो. पण आतली भिंत साडेचार इंची असेल तर 3 इंचांपेक्षा खोल जाऊ नये. पलीकडच्या खोलीतल्या गिलाव्याचा पोपडा उडतो. एएसी ब्लॉकमध्ये ड्रिलचा हॅमर बंद ठेवावा. ठोके बसले की भोक मोठे होते आणि दीड इंची प्लग स्क्रूबरोबर गोल फिरत राहतो. तिथे 8 किंवा 10 मिमी जाडीचा, निदान 80 मिमी लांबीचा नायलॉनचा प्लग लागतो. मायव्हानच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून केलेल्या इमारतींत घरातल्या बहुतेक भिंती काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचे वजन त्यांच्यावरच असते. तिथे भोक पाडायला रोटरी हॅमर लागतो, आणि वायरसाठी झिरी मारायचीच नाही. सळया पृष्ठभागापासून इंचभरावरच असतात. कोणत्याही इमारतीत बीम आणि कॉलमला झिरी नको. भिंतीला हात लावणारे काम असेल तर सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्यावी.

तिसरी गोष्ट वायर. स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडायचे नाही, कारण वायरच्या नळ्या तिथूनच उतरतात. वायरच्या कामाला हात घालण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. जुना बोर्ड कपाटाच्या मागे जाणार असेल तर पाठीला चौकोन कापून तो उघडा ठेवावा, किंवा वायरमनकडून टेबलाच्या वर आणवावा. बोर्ड झाकून टाकायचा आणि त्यातून एक्स्टेन्शन ओढायचे, हा प्रकार अगदी सर्रास दिसतो आणि धोक्याचा आहे. आत सैल झालेली पिन तापते आणि तिच्याभोवती प्लाय, कागद, धूळ हेच असते.

टेबलावर लॅपटॉप, मॉनिटर, राउटर, मोबाइल, दिवा आणि प्रिंटर धरले तर सहा प्लग लागतात. ते टेबलाच्या पृष्ठभागापासून 100 ते 150 मिमी वर घ्यावेत. खाली घेतले की प्रत्येक वेळी वाकावे लागते आणि माणूस पुन्हा एक्स्टेन्शनकडे वळतो. 6 अँपिअरच्या प्लगांना 1.5 चौ. मिमी आणि 16 अँपिअरच्या प्लगला 2.5 चौ. मिमी तांब्याची वायर, अर्थिंगसह. वर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच. हे काम परवानाधारक वायरमनचेच आहे, घरी करून पाहण्याचे नाही. नेटवर्कच्या केबलसाठी वेगळी नळी याच वेळी टाकून घ्यावी. रंग झाल्यावर तिची आठवण येऊन उपयोग नसतो. लेझर प्रिंटर लहान यूपीएसवर जोडू नये. आतला रूळ तापताना तो एकदम शेकडो वॅट ओढतो आणि यूपीएस बसतो. राउटर दाराच्या कपाटात कोंडू नये, आणि इन्व्हर्टरची ॲसिडची बॅटरी तर मुळीच नको. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

भिंतीचा निकाल लागला की मग माप. समजा भिंत 10 फुटांची, म्हणजे 3048 मिमी आहे. जमिनीजवळ, कमरेच्या आणि डोक्याच्या उंचीवर अशी तीन मापे घेतली तर तिन्ही वेगळी येतील. दोन भिंतींमधले अंतर सगळीकडे सारखे असे फार क्वचित असते. सर्वांत लहान माप धरावे आणि दोन्ही टोकांना 25 मिमी सोडावेत. ही फट शेवटी भिंतीच्या वाकाप्रमाणे घासून घेतलेल्या पट्टीने बुजवायची. अगदी काटेकोर मापात केलेले कपाट हमखास अडकते.

आता फळीची लांबी. इथे बहुतेकांचा हात सैल सुटतो. खण लांब केले की दिसायला मोकळे वाटतात, पण पुस्तकांचे वजन फुटाला सुमारे 10 किलो असते. दर फुटाला सारख्या भाराखाली फळीचा बाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे 800 मिमीची फळी दीडपट, 1200 मिमी केली तर बाक पाचपट होतो. 18 मिमी प्लायची 800 मिमी फळी पुस्तके वर्षानुवर्षे पेलते. 1200 मिमीची दोन-तीन वर्षांत मधोमध झुकलेली दिसते. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड या लाकडाचा भुसा-चुरा दाबून केलेल्या तक्त्यांची त्याहून लवकर, कारण ते मुळात कमी कडक असतात आणि सततच्या भाराने हळूहळू बसत जातात. लांब फळी हवीच असेल तर पुढच्या कडेखाली दीड इंचाची सागाची उभी पट्टी चिकटवावी.

800 मिमीचा दुसरा फायदा कापणीत आहे. प्लायचा तक्ता 8 बाय 4 फुटांचा, म्हणजे 2440 बाय 1220 मिमी. करवतीचे पाते दर कापाला 3 मिमी खाते. कडा सरळ करून घेतल्यावर तक्त्यातून 300 मिमी रुंदीच्या चार पट्ट्या निघतात, आणि एका पट्टीतून 800 मिमीच्या तीन फळ्या. टेबलाच्या दोन्ही अंगांना दोन कपाटे धरू. प्रत्येकाला 2030 मिमी उंचीच्या दोन बाजू, तळ, छत आणि चार फळ्या लागतात. दोन्ही कपाटे मिळून बाजूंच्या चार पट्ट्या आणि फळ्यांच्या चार पट्ट्या, एकूण आठ. म्हणजे 18 मिमीचे बरोब्बर दोन तक्ते, आणि वाया जातात ते बाजूंच्या पट्ट्यांचे चार तुकडे. तेवढेच खण 900 मिमीचे केले तर एका पट्टीतून दोनच फळ्या निघतात आणि तिसरा तक्ता फोडावा लागतो.

अशा कपाटाची बाहेरची रुंदी 836 मिमी होते. दोन कपाटे 1672 मिमी. मधे टेबलाला 1326 मिमी उरतात. तिसऱ्या तक्त्याचे उभे दोन भाग केले की एकातून 1325 बाय 600 चे टेबल आणि 600 बाय 415 ची दोन दारे, दुसऱ्यातून आणखी दोन दारे, टेबलावरच्या 250 मिमीच्या दोन फळ्या आणि टेबलाच्या पुढच्या कडेखालची 75 मिमीची पट्टी असे सगळे निघते. पाठीला 6 मिमीचे दोन तक्ते. कडेची पट्टी 40 मीटर घ्यावी. सांध्यांना, प्रत्येकी तीन धरून, 72 स्क्रू लागतात; 8 नंबरचे 50 मिमी, शंभराची पुडी. जिप्समचे काळे स्क्रू वापरू नयेत. ते ठिसूळ असतात आणि आडव्या भाराने त्यांची मुंडी तुटते.

घरी काम करणाऱ्याने साधा प्लाय आणून त्यावर सनमायका चिकटवण्याच्या फंदात पडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तो सगळीकडे सारखा दाबला गेला नाही तर मधे हवा राहून फुगे येतात, आणि एकाच बाजूला लावला तर दार पंधरा दिवसांत वाकते. दोन्ही बाजूंनी लॅमिनेट केलेला तयार प्लाय घ्यावा आणि दुकानातच कापून घ्यावा. तक्ता लिफ्टमध्ये मावत नाही, हा प्रश्नही त्यातच सुटतो. तक्त्यावर आयएसआय खुणेसोबत आयएस क्रमांक आणि परवाना क्रमांक छापलेला असतो. परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर घालून दुकानातच पडताळता येतो. नुसत्या शिक्क्यावर जाऊ नये.

जोडणीत सर्वांत आधी प्लिंथ, म्हणजे कपाटाखालची 100 मिमीची चौकट. ती प्लायची न करता डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचे मिश्रण) किंवा पीव्हीसी बोर्डाची करावी. रोजच्या पोछ्याचे पाणी तिथेच लागते आणि प्लायची खालची कड सर्वांत आधी फुगते. तिच्या उंचीमुळे कपाटाच्या बाजू स्कर्टिंगच्या वर सुरू होतात, त्यामुळे त्यांना खाच पाडावी लागत नाही. लेव्हल ट्यूबने प्लिंथ तंतोतंत समतल करावी, खाली प्लास्टिकच्या चकत्या सारून. बाल्कनीकडे लादीला उतार असतो. तो इथे काढला नाही तर पुढे दारांच्या फटी तिरक्या दिसतात आणि बिजागरीचे स्क्रू कितीही फिरवले तरी जुळत नाहीत.

कपाट जमिनीवर आडवे ठेवून जोडावे. प्रत्येक स्क्रूला आधी 3 मिमीचे भोक पाडावे, नाहीतर प्लायचे थर फाकतात. सगळे सांधे आवळले की पाठ ठोकण्याआधी दोन्ही कर्ण मोजायचे. 836 बाय 2030 च्या चौकटीचा कर्ण 2195 मिमी येतो. दोन कर्णांत 3 मिमीहून जास्त फरक असेल तर लांब कर्णाचे दोन कोपरे एकमेकांकडे दाबून फरक घालवावा आणि मगच पाठ लावावी. पाठ ठोकल्यावर चौकटीचा आकार कायमचा ठरतो, मग तो सरळ असो की तिरका. कपाट छतापर्यंत नेण्याचा मोह असेल तर उभे करतानाचे माप आधी काढावे. 2690 मिमी उंच आणि 600 मिमी खोल कपाटाला उभे राहताना 2756 मिमी जागा लागते. छत 2700 वर असेल तर ते मधेच अडकते. वरचा पेटारा वेगळा करून नंतर चढवावा.

कपाटाचे आणि पुस्तकांचे वजन जमिनीवर असावे, भिंतीने फक्त धरून ठेवावे. वरच्या बाजूला प्रत्येक कपाटाला दोन एल-पट्ट्या भिंतीत पक्क्या बसवाव्यात. खणांना शिडी समजून चढणारे मूल घरात असेल तर यात हयगय नको. खालचा दाराचा कप्पा 575 मिमीचा केला तर वर 336 मिमीचे चार खण मिळतात आणि बॉक्स फाइल उभी राहील अशी फळी हवी तेवढी वर-खाली करून घेता येते. दारांना 0 क्रँकची, म्हणजे दार बाजूची कड झाकेल अशी सरळ हाताची बिजागरी, प्रत्येकी दोन. बिजागरीच्या 35 मिमीच्या वाटीचे भोक दाराच्या कडेपासून 5 मिमी सोडून आणि 12 मिमी खोल. बिटावर चिकटपट्टीची खूण केली नाही तर भोक पलीकडे जाते आणि अख्खे दार फुकट.

टेबलाची उंची 730 ते 750 मिमी. पाठीमागे भिंतीवर आणि दोन्ही बाजूंना कपाटांवर आधाराची पट्टी द्यावी, पण तेवढ्यावर सोडू नये. कपाटे 300 मिमी खोल आणि टेबल 600 मिमी, म्हणजे निम्मे टेबल बाहेर अधांतरी असते. त्यावर कोपर टेकून बसणाऱ्याच्या वजनाने बाजूचे स्क्रू हळूहळू उपसतात. पुढे दोन पाय हवेतच. केबलसाठी मागच्या कडेला 60 मिमीचे भोक पुरते. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणि पडदा हातभर अंतरावर असावा. खिडकी बाजूला असलेली बरी. समोर असली की डोळे दिपतात, मागे असली की पडद्यावर तिचेच प्रतिबिंब पडते.

लाकडी पट्ट्यांना मेलामाइन पॉलिश करायचे असेल तर ते पावसाळ्यात करू नये, दमट हवेत त्यावर दुधाळ डाग येतात. ऑक्टोबर ते मे हा काळ बरा. रंगाचा शेवटचा हात मात्र कपाट बसल्यावरच.

संपादक महोदय, दोन गोष्टी मागायच्या आहेत. आपल्या पुरवणीत अशा भिंतीचे छायाचित्र छापाल तेव्हा शेजारी एक साधी मापाची आकृती आणि एक ओळ छापावी: भिंत कशाची होती आणि पाठीमागे किती जागा सोडली. आणि दुसरी गोष्ट आपल्या वाचकांकडे. रेरा कायद्याचे कलम 19(5) घर घेणाऱ्याला ताब्यानंतर आवश्यक कागदपत्रे आणि नकाशे मिळण्याचा हक्क देते. आपल्या घरातली कोणती भिंत काँक्रीटची, कोणती ब्लॉकची आणि वायरच्या व पाण्याच्या नळ्या कुठून गेल्या आहेत, हे दाखवणारे नकाशे विकासकाकडून किंवा सोसायटीकडून लेखी मागावेत. जुन्या इमारतीत ते मिळत नसतील तर कपाट बसवण्याच्या आदल्या दिवशी उघड्या भिंतीवर मापाची टेप ताणून धरावी, बोर्ड, नळ्या आणि भोके दिसतील अशी छायाचित्रे काढावीत आणि त्यांची एक छापील प्रत डावीकडच्या खालच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावी. पुढच्या खेपेला ड्रिल हातात घेणारा माणूस बहुधा दुसराच असेल.

आपले,
फर्निचरच्या कामातले दोन वाचक,
डोंबिवली